इनामगावची उठलेली वस्ती



डिसेंबर सरत आला की आपल्या बोईसर-पालघरच्या वस्त्यांमधून १ जानेवारीच्या गाड्यांची जुळवाजुळव सुरू होते. बस ठरवायची, माणशी वर्गणी काढायची, म्हाताऱ्यांना पुढच्या सीटा राखायच्या. यादी करण्याचे काम हमखास आमच्या गळ्यात पडते, कारण आम्ही पडलो कारकून. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायची, बरोबर नेलेली भाकर खायची, पुस्तकांच्या स्टॉलवरून एक फेरी मारायची आणि रात्री माघारी फिरायचे. इतकी वर्षे आम्हीही एवढेच करीत आलो. तिथून पुढे शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव नावाचे गाव आहे आणि तेथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती मातीखालून शोधून काढली गेली, हे आम्हाला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते. आम्ही लेणी पाहिली, सोपाऱ्याचा स्तूप पाहिला, बुद्धपौर्णिमेला त्यावर भाषणेही केली. पण लेणी कोरली जाण्याच्या आधी या मुलखात साधी माणसे कशी राहत होती, काय शिजवून खात होती, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला बारा हंगाम उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ही या कामातली मोठी नावे. बारा हंगाम खणून त्यांना काय मिळाले? राजाचे नाव नाही, शिलालेख नाही, नाणे नाही. मिळाल्या त्या चुली, रांजण, पाटे, गारेची पाती, थोडे तांबे, करपलेले धान्य, हाडे आणि १३० च्या वर घरांच्या जमिनी. म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरात जे असते तेच. आम्हाला तर यातच या उत्खननाचे मोल वाटते. राजवाड्याचा इतिहास लिहायला भाट असतात. झोपडीचा इतिहास झोपडीच्या जमिनीतच शोधावा लागतो.

हे लोक काळ कसा ओळखतात, असे आमच्या विहारातल्या मुलांनी विचारले होते. ऑफिसातल्या जुन्या फायलींचा ढीग डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात जुनी फाईल तळाशी, कालची सगळ्यात वर. पांढरीच्या टेकाडाचे तसेच आहे. घर पडते, त्यावर माती बसते, त्या मातीवर दुसरा घर बांधतो. खणणारा वरून खाली जातो तो नव्याकडून जुन्याकडे. आणि नेमकी वर्षे काढायची तर कोळसा आणि करपलेले दाणे कामी येतात. जिवंत वनस्पतीत कार्बन-१४ नावाचा एक घटक असतो, ती मेली की तो घटू लागतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. किती उरला ते मोजले की किती वर्षे झाली ते निघते. बी.कॉम.च्या घसाऱ्याच्या हिशेबासारखे. एवढेच की इथला दर कुणाला बदलता येत नाही.

असा हिशेब मांडल्यावर इनामगावची तीन पर्वे दिसली. पहिली वस्ती इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराची. दुसरे पर्व इसवी सनापूर्वी १४०० ते १०००, हा भरभराटीचा काळ. तिसरे १००० ते ७००, हा उतरता काळ. दुसऱ्या-तिसऱ्या पर्वातल्या लोकांना 'जोर्वे संस्कृती'चे लोक म्हणतात, कारण त्यांची ती तांबडी, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी आधी संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी सापडली. इनामगावातून शेवटचे कुटुंब निघून गेले तेव्हा सिद्धार्थ गौतमाच्या जन्माला अजून शंभरावर वर्षे अवकाश होता.

भरभराटीच्या काळातली घरे चौकोनी, ऐसपैस. खाली मातीच्या ठेंगण्या भिंती, वर कुड, त्यावर गवताचे छप्पर. आपल्या डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर कारवीचा कुड शेणामातीने लिंपलेला पाहिला आहे ना, तेच तंत्र. घरात धान्याची कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे, जमिनीत धान्याची पेवे. चूल तर अशी की आमच्या आईने चित्र पाहून सांगितले, "ही तर आपलीच चूल." जव हे त्यांचे मुख्य पीक. त्याशिवाय गहू, मसूर, लाख, कुळीथ. जंगलातली बोरे आणि जांभळे. गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळीत आणि त्यांचे मांसही खात. गाईबैलांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. ज्यांना या गोष्टीने आज राग येतो त्यांनी तो साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीवर काढावा.

घोड नदीचे खोरे पर्जन्यछायेतले. आपल्याकडे पालघरला पाऊस नको नको म्हणेपर्यंत पडतो, तिकडे मृगात ढग येतात आणि तसेच पुढे जातात. म्हणून इनामगावकरांनी दगडमातीचा बांध घालून नदीच्या पुराचे पाणी वळवले आणि शंभर मीटरहून लांब पाट खणला. लोखंड नव्हते, हे ध्यानात घ्या. हे एका कुटुंबाचे काम नव्हे. गावाने अंग मोडून केलेले काम ते. आणि इथूनच आमच्यातला कार्यकर्ता कान टवकारतो, कारण पाट आला की त्याचा मालक येतो. वस्तीत एक घर पाच खोल्यांचे निघाले आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. ढवळीकरांनी असे मांडले की हे गावच्या मुख्याचे घर असावे, आणि धान्य त्याच्याकडे जमा होत असावे. मधल्या भागात सधन शेतकऱ्यांची घरे. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा, यांची घरे मात्र पश्चिमेच्या कडेला.

हे वाचून आमच्या एका तरुण सहकाऱ्याने टेबलावर हात आपटला. "बघा साहेब! गावकुसाबाहेरची वस्ती! पुरावाच मिळाला!"

आम्ही त्याला बसवले. कुंभाराची भट्टी गवताच्या छपरांपासून लांब ठेवणे यात शहाणपणही असू शकते. कडेला राहणे आणि अस्पृश्य असणे यात अंतर आहे, आणि त्या घरांतल्या माणसांचा कुणाला विटाळ होत होता असे सांगणारी एकही वस्तू तिथे मिळालेली नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ सालच्या ग्रंथात गावाबाहेर राहणाऱ्या, मोडून पडलेल्या टोळ्यांतल्या माणसांचा विचार मांडला. तिथेही त्यांनी गावाबाहेर राहणे वेगळे आणि अस्पृश्यता वेगळी धरली, आणि अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या आसपास नेला. म्हणजे इनामगाव उठल्यानंतर हजार वर्षांनी. त्याच ग्रंथात त्यांनी नाकाची मापे तपासून अस्पृश्य हा निराळा वंश आहे हे मतही खोडून काढले. तेव्हा कवटी दिसली की 'आपला पूर्वज' म्हणून मिरवणूक काढणे हे निदान आपल्याला शोभत नाही. कोठार मात्र आमच्या डोक्यातून जात नाही. ते वसुलीचे होते की अडीनडीला वाटपाचे? बहुधा दोन्ही. किल्ली कुणाकडे होती, हा त्यातला खरा प्रश्न.

आता त्या मातीतल्या मुलांविषयी. इनामगावचे लोक मेलेल्यांना घराच्या जमिनीखालीच किंवा अंगणात पुरत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत आणि घोट्याखालचे पाय तोडून टाकीत. त्याने उठून निघून जाऊ नये किंवा भूत होऊन फिरू नये म्हणून हे करीत असावेत, असे अभ्यासक मानतात. पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात मात्र एक पुरुष चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला आणि त्याचे पाय शाबूत होते. मुख्याला मेल्यावरही सवलत! लहान मुलांची तऱ्हा निराळी. दोन करड्या रंगाचे रांजण घेऊन त्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची, मूल आत ठेवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीत खड्डा करून ते आडवे पुरायचे.

चार-पाच वर्षांपूर्वी एका लग्नासाठी आईला घेऊन पुण्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी वेळ होता, म्हणून तिला येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात नेले. आईला अक्षरओळख जेमतेम आहे. पाट्या आम्ही वाचायच्या आणि तिने वस्तू पाहायच्या. पाटा पाहून ती म्हणाली, "घासून घासून किती खोल गेलाय बघ. दोन पिढ्या तरी वाटलं असंल याच्यावर." रांजणांपाशी आल्यावर तिने विचारले, "ह्यात काय व्हतं?"

आम्ही सांगितले.

"दोन कशाला?"

"एकात डोकं, एकात पाय. तोंडाला तोंड लावून ठेवायचे. घरातच, जमिनीखाली."

"घरातच?" ती जरा वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "बरं केलं." आणि पुढच्या कपाटाकडे न जाता बाहेर जाऊन पायरीवर बसली.

इनामगाव का उठले, हा प्रश्न राहिला. तिसऱ्या पर्वात सगळेच उतरले. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. गहू जवळजवळ गेला, शिकारीवर भर वाढला. ढवळीकरांचे म्हणणे असे की पाऊस कमी होत गेला, शेती पिकेना, तेव्हा लोक मेंढरे घेऊन अर्धे फिरस्ते झाले आणि अखेर गाव सोडून गेले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधक बाईंनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील मुलांच्या हाडांचा अभ्यास केला आणि २०११ साली त्यावर पुस्तक लिहिले. उतरत्या काळात इनामगावच्या लेकरांची वाढ खुंटलेली होती, हे त्यांना हाडांवरून दिसले. पण सगळा दोष पावसावर टाकायला त्या तयार नाहीत. लोकांनी जमीन कशी वापरली, हाही प्रश्न त्या विचारतात. आम्हाला हे पटते. जव्हार-मोखाड्याला पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, तरी तिथल्या पोरांचे दंड काडीसारखे राहिले, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. तिथे काही ढगाचा दोष नव्हता.

अशीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला घडली आणि ती सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला कॉलोराडो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा ही राज्ये जिथे मिळतात तो मुलूख आपल्या माणदेशाहून कोरडा. तिथे प्वेब्लो लोकांचे पूर्वज मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत. चाको नावाच्या घळीत त्यांनी सहाशेच्या वर खोल्यांची दगडी इमारत बांधली. मेसा वर्डे येथे कड्याच्या कपारीत दीडशे खोल्यांची वस्ती उभारली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मेसा वर्डेचा मुलूख रिकामा झाला. १८८८ साली हरवलेली गुरे शोधत फिरणाऱ्या गोऱ्या गुराख्यांना ती कपारीतली वस्ती दिसली, आणि तेव्हापासून पुस्तके भरली: एक गूढ जमात, एकाएकी नाहीशी झालेली!

तिथे काळ मोजायला झाडे उपयोगी पडली. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय भरते. पाऊस बरा तर रुंद, दुष्काळ तर अरुंद. जव्हारच्या सागाचे खोड आडवे कापलेले ज्याने पाहिले असेल त्याला हे समजेल. पुण्याच्या मौसम विज्ञान संस्थेनेही सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास केला आहे. अमेरिकेत डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने घरांच्या तुळयांतली वलये एकमेकांशी जुळवीत १९२९ साली अखंड साखळी तयार केली. तिच्यात १२७६ ते १२९९ असा सलग दुष्काळ दिसला. चोवीस वर्षांचा! तिथेही अभ्यासक आता म्हणतात की एकट्या दुष्काळाने गाव उठले नाही. लढाया होत्या, जंगल तोडून संपले होते, आपसात बिनसले होते.

पण खरे उत्तर तुळयांत नव्हते, जवळच्याच गावांत होते. होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठची गावे आजही नांदती आहेत. तिथले लोक म्हणत होते, आम्ही नाहीसे झालो नाही, आम्ही इथे येऊन राहिलो. ती आमच्या आजे-पणज्यांची घरे. त्यांच्या पूर्वजांना पुस्तकांत 'अनासाझी' म्हणत. हा शेजारच्या नावाहो लोकांच्या भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'परक्यांचे पूर्वज' किंवा 'शत्रूंचे पूर्वज'. प्वेब्लो लोकांनी हे नाव नाकारले आणि अभ्यासकांनाही ते सोडावे लागले. दुसऱ्याने चिकटवलेले नाव टाकून देण्यात काय असते हे १९५६ नंतर आपल्याला कुणी शिकवायला नको. १९९० साली तिथे कायदा झाला आणि संग्रहालयांना पूर्वजांची हाडे वंशजांना परत देणे भाग पडले. १८९१ साली मेसा वर्डेहून युरोपात नेलेली हाडेसुद्धा फिनलंडने परत केली आणि २०२० साली ती पुन्हा त्याच मातीत पुरली गेली.

इनामगावच्या लोकांसाठी असे कुणी उभे राहिलेले नाही, राहू शकतही नाही. ते कुठे गेले, कुणात मिसळले याची साखळी आपल्या हाती नाही. एका अर्थी सगळ्या महाराष्ट्राने त्यांच्यावर हक्क सांगावा आणि कुणी एकट्याने सांगू नये.

गाव उठणे म्हणजे काय हे मात्र आपल्याकडे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. आणि बोईसरच्या आपल्या चाळींमध्ये घरोघरी विचारा, मूळ गाव कोणते? जालना, परभणी, बीड, बुलढाणा. यातले किती जण १९७२ च्या दुष्काळाने इकडे लोटले, याची नोंद कोणत्या दप्तरात आहे? आमचे आई-वडील जालन्याकडचे. वर्षभर खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो दळून भाकरी केल्या. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, पण तोवर आमचे लोक निघाले होते. कुणीतरी सांगितले, तारापूरला कारखाने उभे राहताहेत, मातीकाम मिळते. दाराला कडी लावून निघाले. "पाऊस पडला की येऊ," असे शेजाऱ्याला सांगून.

घर पुढे पडले. आम्ही लहानपणी एकदा पाहिले तेव्हा भिंतीचा गुडघाभर उंच चौकोन राहिला होता, कोपऱ्यात चुलीचा काळा डाग, आणि जाते तिथेच. जाते कोण डोक्यावर घेऊन येणार? इनामगावातही पाटे मागेच राहिले.

पुण्याहून परतताना विरारला रात्रीची डहाणू लोकल धरली. गाडी रिकामी होती. वैतरणा ओलांडली, सफाळे आले, तोवर आई बोलली नव्हती. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तुझ्या आधी एक मुलगी व्हती, ठावं हाय ना तुला?"

आम्हाला एवढेच ठाऊक होते की होती.

"आठ महिन्यांची व्हती. खडीच्या कामावरच ताप आला. दूध नव्हतं अंगावर. तुझ्या बापानं अन् मी नेऊन पुरली. ते रांजणातलं बघून वाटलं, त्या बायांना घर सोडवलं कसं असंल? लेकरू तर खालीच."

केळवे रोड गेले. आम्ही विचारले, "कुठे पुरली?" चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आम्ही हा प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि वडील जाऊन दहा वर्षे झाली होती.

आईने सांगितले. आम्ही खिशातली डायरी काढून, गाडीच्या हेलकाव्यात जमेल तसे लिहून घेतले. गावाच्या वरच्या अंगाची जुनी विहीर, विहिरीच्या मागे बांध, बांधावर लिंब, लिंबापासून उगवतीकडे सात पावले. वर एक चपटा धोंडा. लिंब तोडला असेल, असे आम्ही म्हणालो. तर म्हणाली, विहीर कुठं जाणार हाय, तिथून मोज.